मुशीतून वाचलेली चांदी : स्कॉटलंडची ठोकीव नाणी इतकी दुर्मीळ का?

१/ १ मे १७०७ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन राज्ये एक झाली. पुढील दोन वर्षे एडिंबराच्या टांकसाळीत स्कॉटलंडची जुनी चांदीची नाणी थैल्या भरभरून येत राहिली आणि मुशीत पडत राहिली. राजांची मुखे, मुकुट, क्रूस, तारे, लॅटिन अक्षरे, सारे वितळून एकजीव झाले. आज एखाद्या संग्रहालयात स्कॉटलंडचे मध्ययुगीन नाणे दिसते, ते या मुशीपर्यंत न पोहोचलेले नाणे असते. ते का पोहोचले नाही आणि त्याचे सोबती कोठे गेले, याचा हा इतिहास.

२/ नाणे जितके जुने तितके दुर्मीळ, ही समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः सतराशे वर्षांपूर्वीची रोमन तांब्याची नाणी आजही अल्प किमतीत मिळतात. उलट अवघ्या साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका स्कॉटिश नाण्याचे जगात मोजकेच नमुने उरले आहेत. दुर्मीळपणाला वयापेक्षा घटना अधिक कारणीभूत असतात. कुठे चांदीची खाण हातची गेली, कुठे राजा कैदेत पडला, कुठे राजाज्ञेने नाणे परत मागवले गेले. स्कॉटलंडच्या बाबतीत ही सारी कारणे एकामागोमाग एक भेटतात.

३/ प्रथम ‘ठोकीव’ म्हणजे काय, ते पाहू. चांदीचा पातळ पत्रा ठोकून त्याच्या चकत्या कातरल्या जात. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात खिळ्यासारखा रोवलेला असे. त्यावर कोरी चकती ठेवून वरचा ठसा कारागीर हातात धरी आणि त्यावर हातोडा मारी. एका घावात नाण्याच्या दोन्ही बाजू उमटत. हातोड्याचा मार थेट सोसणारा वरचा ठसा लवकर झिजे, म्हणून खालच्या एका ठशासाठी वरचे एकाहून अधिक ठसे खर्ची पडत.

४/ या पद्धतीमुळे कोणतीही दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. कुठे राजाचे नाक पुसट, कुठे अक्षरे चकतीबाहेर गेलेली, कुठे घाव दुहेरी बसलेला. संग्राहकांना हे दोष वाटत नाहीत. मध्ययुगीन स्कॉटिश नाण्यांवर वर्ष कोरलेले नसे. १५३९ चे पाचव्या जेम्सचे सोन्याचे नाणे हे तेथील पहिले तारखेचे नाणे. त्याआधीची नाणी कालक्रमाने लावायची तर ठशांचाच आधार. खालचा ठसा तोच, वरचा मात्र नवा, अशी नाणी एकमेकांना जोडत गेले की एक साखळी तयार होते आणि कोणते आधीचे, कोणते नंतरचे, हे उमगते.

५/ स्कॉटलंडच्या राजाचे पहिले नाणे पहिल्या डेव्हिडचे (राज्यकाळ ११२४ ते ११५३). डिसेंबर ११३५ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला हेन्री मरण पावला आणि वारसाचा तंटा उभा राहिला. डेव्हिडने ती संधी साधून कार्लाइल हे सीमेवरचे नगर घेतले. तेथे इंग्लिश टांकसाळ चालू होती आणि जवळच्या डोंगरांत चांदीच्या खाणी होत्या. टांकसाळ आणि चांदी दोन्ही आयती हाती आली. लवकरच डेव्हिडच्या नावाची पेनी निघू लागली: एका बाजूस मुकुटधारी राजा, दुसऱ्या बाजूस क्रूस.

६/ ही पेनी अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी आणि वजनाने सुमारे दीड ग्रॅम. १२ पेनींचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड हा हिशेब होता. परंतु शिलिंग आणि पौंड ही तेव्हा केवळ मोजण्याची नावे होती, नाणे एकच, पेनी. मोड हवी असेल तर मागील बाजूच्या क्रूसाच्या रेषेवरून पेनी कातरून तिचे दोन वा चार तुकडे करीत. असे अर्धे आणि पाव तुकडे आजही जमिनीत सापडतात.

७/ डेव्हिडनंतर त्याचा नातू चौथा माल्कम गादीवर आला. ११५७ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने कार्लाइल आणि भोवतालचा प्रदेश त्याच्याकडून परत घेतला. खाणी गेल्या, टांकसाळही गेली. माल्कमची नाणी अतिशय दुर्मीळ आहेत, यात नवल नाही.

८/ माल्कमचा भाऊ विल्यम ‘सिंह’ म्हणून ओळखला जातो. ११७४ मध्ये तो इंग्लिशांच्या हाती सापडला आणि त्याला इंग्लंडचे स्वामित्व मान्य करावे लागले. ११८९ मध्ये १० हजार मार्क मोजून त्याने ते जोखड उतरवले. त्यानंतर ११९५ च्या सुमारास त्याची नवी नाणी निघाली. त्यांतल्या पुष्कळ नाण्यांवर राजाचे नाव लॅटिनऐवजी फ्रेंच भाषेत आहे: ‘ल रेई विल्यम’. मागे गावाचे नाव नाही, दोन टांकसाळकारांची नावे मात्र जोडीने आहेत: ह्यू आणि वॉल्टर. दरबाराची भाषा कोणती होती, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

९/ विल्यम १२१४ मध्ये मरण पावला. त्याचे नाव मात्र नाण्यांवर जिवंत राहिले. मुलगा दुसरा अलेक्झांडर याने आपल्या राज्यकाळातील बराच काळ वडिलांच्याच नावाने नाणी पाडली. लोकांना ओळखीचे नाणे बदलायला नको असते. व्यापारात विश्वास मोठा. परिणाम असा, की ३५ वर्षे राज्य केलेल्या या राजाच्या स्वतःच्या नावाची नाणी मिळणे कठीण.

१०/ तिसऱ्या अलेक्झांडरच्या काळात (१२४९ ते १२८६) चांदीचा सुकाळ आला. १२५० मध्ये सगळे जुने नाणे बदलण्यात आले. क्रूसाचे हात थेट काठापर्यंत लांबवले, म्हणजे कोणी कडा कातरून चांदी चोरली तर लगेच दिसावे. एडिंबरा, बेरिक, पर्थ, ॲबर्डीन, ग्लासगो, इन्व्हर्नेस अशा अनेक गावी टांकसाळी उघडल्या. काही लहान गावांच्या टांकसाळी अल्पकाळच चालल्या. म्हणून त्याच राजाची, त्याच छापाची बेरिकची पेनी सहज मिळते आणि एखाद्या लहान गावची पेनी संग्राहकाला वर्षानुवर्षे हुलकावणी देते.

११/ १२८० च्या नव्या नाण्यांवर गावाचे नावच उरले नाही. क्रूसाच्या चार कोनांत चार तारे आले. या ताऱ्यांची टोके मोजली तर चार ताऱ्यांची बेरीज कधी २४, कधी २६, कधी आणखी काही येते. टोकांची ही संख्या म्हणजे टांकसाळीची गुप्त खूण असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. भिंगाखाली ताऱ्याची टोके मोजणे, हे स्कॉटिश नाणी गोळा करणाऱ्यांचे पहिले व्रत होऊन बसले आहे.

१२/ दुर्मीळपणाचे आणखी एक कारण जमिनीखालून कळले. १८८६ मध्ये ॲबर्डीन शहरात अप्परकर्कगेट या रस्त्यावर काशाच्या एका भांड्यात १२ हजारांहून अधिक चांदीच्या पेनी सापडल्या. ठिकाण स्कॉटलंडचे, नाणी मात्र बहुतांश इंग्लंडच्या एडवर्ड राजांची. १८७७ मध्ये फाइफमधील माँट्रेव्ह येथे सापडलेल्या मोठ्या नाणेनिधीतही तोच प्रकार. दोन्ही देशांच्या पेनीचे वजन आणि कस सारखा असल्याने सीमेपलीकडचे नाणे इकडे बिनतक्रार चाले. स्कॉटलंडच्या बाजारात स्कॉटिश नाणे अल्पसंख्य होते.

१३/ १२८६ च्या मार्च महिन्यात, वादळी रात्री, किंगहॉर्नजवळ तिसरा अलेक्झांडर घोड्यावरून पडून मेला. त्याची वारस असलेली चिमुकली नात १२९० मध्ये वाटेतच वारली. गादीच्या वादात इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने जॉन बॅलियलला राजा ठरवले. १२९२ ते १२९६ एवढीच त्याची कारकीर्द. पण त्याची नाणी आहेत. १२९६ मध्ये एडवर्डने बेरिक जिंकले, बॅलियलच्या अंगरख्यावरची राजचिन्हे उपटून काढली गेली आणि बेरिकच्या टांकसाळीतून इंग्लंडच्या राजाच्या नावाची नाणी पडू लागली.

१४/ रॉबर्ट ब्रूस १३०६ मध्ये राजा झाला, १३१४ मध्ये त्याने बॅनकबर्न जिंकले. परंतु त्याच्या नावाची पेनी निघाली ती १३२० च्या सुमारास, म्हणजे १३१८ मध्ये बेरिक परत मिळाल्यानंतर. लढणाऱ्या राजाजवळ टांकसाळ नव्हती. तिच्यावरील ‘स्कोटोरम रेक्स’ या शब्दांचा अर्थ ‘स्कॉट लोकांचा राजा’ असा होतो. ज्याचे राजेपण शत्रू मान्यच करीत नव्हता, त्याने तो दावा दीड ग्रॅम चांदीवर कोरून बाजारात पाठवला. ब्रूसची पेनी आज फार थोड्या संग्रहांत आहे.

१५/ ब्रूसचा मुलगा दुसरा डेव्हिड १३४६ मध्ये नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत पकडला गेला. ११ वर्षांच्या कैदेनंतर १३५७ मध्ये १ लाख मार्कांच्या खंडणीवर त्याची सुटका झाली. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये प्रथमच चार पेनी किमतीचे मोठे नाणे निघाले: ग्रोट. त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ आहे, ‘ईश्वर माझा रक्षणकर्ता आणि माझा मुक्तिदाता’. नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या राजाच्या नाण्यावर ‘मुक्तिदाता’ हा शब्द वाचताना कोणाही स्कॉट माणसाला खंडणी आठवली असेल.

१६/ खंडणीची चांदी आणायची कोठून? उत्तर ग्रोटच्या वजनात सापडते. १३५७ चा ग्रोट साडेचार ग्रॅमहून अधिक. १३६७ नंतरचा सुमारे ४ ग्रॅम. तिसऱ्या रॉबर्टचा १३९० नंतरचा ग्रोट जेमतेम ३ ग्रॅम आणि त्याच राजाच्या अखेरच्या वर्षांतला २ ग्रॅमहूनही कमी. नाव तेच, राजाचे मुख तेच, चांदी मात्र निम्म्याहून खाली उतरली. ही चार नाणी एका ओळीत ठेवून तोलली, की राज्याची तिजोरी कशी आटत गेली ते तराजूच सांगतो.

१७/ इंग्लिश सराफ झोपलेले नव्हते. दोनशे वर्षे बरोबरीने चाललेल्या नाण्याला आता बट्टा लागू लागला. १३७० च्या दशकात चार स्कॉटिश पेनींना तीन इंग्लिश पेनी मिळत. १३९० मध्ये भाव दोनास एक झाला. पुढे घसरण चालूच राहिली आणि १६०३ मध्ये १२ स्कॉटिश पौंड म्हणजे एक इंग्लिश पौंड हे प्रमाण ठरले. ज्या नाण्यात चांदी अधिक, ते लोक दडवून ठेवतात किंवा वितळवतात आणि हलके नाणे खर्चतात. जड, आरंभीचे ग्रोट यामुळेही कमी झाले.

१८/ तिसऱ्या जेम्सच्या काळात (१४६० ते १४८८) हीण धातूचा इतका भरणा झाला की लोक त्या नाण्यांना ‘काळा पैसा’ म्हणत. शब्दशः काळा, कारण चांदीचा मुलामा उडाला की खालचे तांबे काळवंडे. १४८२ मध्ये लॉडर येथे सरदारांनी राजाला ताब्यात घेतले आणि त्याच्या मर्जीतल्या माणसांना फासावर लटकवले. काळा पैसा हेही त्या रोषाचे एक कारण होते. मग १४८४ च्या सुमारास उत्तम चांदीचे ग्रोट निघाले. त्यांवरील राजा किंचित मान वळवून पाहतो आहे. तो साचेबंद मुखवटा नसून एक विशिष्ट माणूस आहे. आल्प्सच्या उत्तरेकडील नाण्यांवर पुनरुज्जीवनकालीन व्यक्तिचित्र प्रथम अवतरले, त्यांत या ग्रोटची गणना होते.

१९/ आता त्या साडेचारशे वर्षांपूर्वीच्या नाण्याकडे. २९ जुलै १५६५ रोजी राणी मेरीने हेन्री डार्नलीशी विवाह केला. लगोलग ३० शिलिंगांचे, सुमारे ३० ग्रॅम वजनाचे ‘रायल’ हे भव्य नाणे निघाले. त्यावर पतिपत्नी समोरासमोर आहेत. मागील वचनाचा आशय असा की ईश्वराने जोडले ते माणसाने तोडू नये. परंतु नावांचा क्रम होता ‘हेन्री आणि मेरी’. राज्य मेरीचे, आणि नाव पतीचे आधी!

२०/ काही महिन्यांतच संसार विसकटला. डिसेंबर १५६५ मध्ये इंग्लंडच्या वकिलाने लंडनला कळवले, की पूर्वी कागदपत्रांत पहिला असलेला डार्नली आता दुसरा आला आहे आणि दोघांच्या मुखांची नाणी परत मागवली जात आहेत. नव्या रायलवर मुखे नाहीत. मुकुट धारण केलेले ताडाचे झाड आहे, त्यावर चढू पाहणारे एक कासव आहे, आणि नावांचा क्रम ‘मेरी आणि हेन्री’ झाला आहे. कासव म्हणजे डार्नलीच, असे म्हणणारे पुष्कळ. फेब्रुवारी १५६७ मध्ये डार्नलीचा खून झाला. त्यानंतरच्या रायलवर झाड तेच, नाव एकट्या मेरीचे. परत मागवलेल्या मुखांच्या रायलचे आज मोजकेच नमुने उरले आहेत.

२१/ त्याच वर्षी मेरीला राजत्याग करावा लागला आणि १३ महिन्यांचा सहावा जेम्स राजा झाला. त्याच्या नावाच्या रायलवर उभी तलवार आहे आणि वचन आहे: ‘माझ्यासाठी, पात्र ठरलो तर माझ्याविरुद्ध’. रोमन सम्राट ट्रेजनच्या नावावर सांगितले जाणारे हे शब्द. राजा चुकला तर तलवार त्याच्यावरच, हे पाळण्यातल्या राजाच्या नाण्यावर कोरले गेले. १५७८ मध्ये चांदी महागली, तेव्हा रायल परत मागवून त्यांवर मुकुट आणि काटेरी फुलाचा छोटा छाप मारण्यात आला व त्यांची किंमत वाढवली गेली. हा छाप अनेक रायलवर आजही दिसतो.

२२/ पहिल्या चार्ल्सच्या काळात निकोला ब्रिओ हा फ्रेंच कोरक्या एडिंबराला आला आणि १६३० च्या दशकाच्या अखेरीस यंत्राने नाणी पाडू लागला. कडा गोल, ठसा नेमका. हातोड्याचे युग संपले. जुनी ठोकीव नाणी मात्र लोकांच्या हाती फिरतच राहिली, १७०७ पर्यंत.

२३/ एकीकरणाच्या कराराच्या १६ व्या कलमाने दोन्ही देशांचे नाणे एक करायचे ठरवले. लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. त्याने देखरेखीसाठी गणितज्ञ डेव्हिड ग्रेगरी याला एडिंबराला पाठवले. सुमारे ४ लाख ११ हजार पौंडांची चांदी गोळा झाली. त्यांपैकी १ लाख ४२ हजार पौंडांची स्कॉटिश ठोकीव नाणी होती. बदल्यात राणी ॲनच्या मुखाखाली एडिंबराचे ‘ई’ हे अक्षर असलेली नवी नाणी मिळाली. १७०९ नंतर तेही थांबले आणि स्कॉटलंडची टांकसाळ कायमची शांत झाली.

२४/ उरले ते जमिनीत पुरलेले, सीमेपलीकडे गेलेले, किंवा कोणी आवडीने जपलेले. विल्यम हंटर या वैद्याचा संग्रह ग्लासगो विद्यापीठाकडे गेला आणि १८०७ मध्ये हंटेरियन संग्रहालय उघडले. पेझ्लीच्या थॉमस कोट्स यांच्या संग्रहावरून एडवर्ड बर्न्स यांनी स्कॉटिश नाण्यांवरील तीन खंडांचा ग्रंथ रचला. १८८७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ अभ्यासकांना अजूनही लागतो.

२५/ विसाव्या शतकातील मोठे नाव इयन स्टुअर्ट, पुढे लॉर्ड स्ट्युअर्टबी. विशीच्या उंबरठ्यावर, १९५५ मध्ये, त्यांनी स्कॉटिश नाण्यांवर पुस्तक लिहिले. नंतर ते ब्रिटनचे मंत्री झाले. २००७ मध्ये त्यांच्या घरातून हजाराहून अधिक स्कॉटिश नाणी चोरीस गेली. उरलेला संग्रह २०१७ मध्ये त्यांनी हंटेरियनला दिला. चोरलेल्या नाण्याची चांदी काही तोळ्यांची. पण ठशांच्या साखळीतला दुवा हरवला, की तो दुसऱ्या नाण्याने भरून निघत नाही.

२६/ म्हणूनच स्कॉटलंडचा कायदा कडक आहे. जमिनीत सापडलेली निनावी पुरातन वस्तू राजसत्तेची, मग ती चांदीची असो वा नसो. सापडवणाऱ्याने ती कळवलीच पाहिजे; संग्रहालयाने ती घेतली तर त्याला बक्षीस मिळू शकते. जाणते संग्राहक नाणे घेण्यापूर्वी त्याचा मागचा प्रवास विचारतात: कोणत्या संग्रहातून आले, कधी विकले गेले, कोठे सापडले. तसेच ते नाणे कधीही घासून चकचकीत करत नाहीत. शतकांची काळी झाक गेली की नाण्याची प्रतिष्ठाही जाते.

२७/ ॲबर्डीनच्या भांड्यातली नाणी एकेकटी बाजारात विखुरली असती, तर स्कॉटलंडच्या व्यवहारात इंग्लिश नाणे किती भरले होते हे कोणाला कळले नसते. सापडण्याची जागा आणि सोबतची नाणी ही त्या पुराव्याची अर्धी बाजू असते. १७०७ मध्ये मुशीने जे पुसले ते परत येणार नाही. जे वाचले आहे त्याची नोंद, वजन, ठसा आणि ठिकाण जपणे एवढे अजून हाती आहे.

#इतिहास #नाणकशास्त्र #स्कॉटलंड